जीवनशाळा आणि दूरदेशीचे सोबती

नर्मदेच्या दक्षिण काठाला सातपुड्याचे डोंगर थेट पाण्यात उतरतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांचा हा टापू. वस्ती भिल्ल आणि पावरा समाजाची. एकेका गावाचे कितीतरी पाडे, आणि या पाड्यावरून त्या पाड्यावर जायचं तर मध्ये एखादी टेकडी ठरलेलीच. १९८५च्या सुमाराला मेधा पाटकर इथे गावोगाव पायी फिरू लागल्या, तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता; नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ला. सरदार सरोवर धरणाच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावं जाणार, हे कागदावर ठरलेलं होतं. ज्यांची घरं-शेतं जाणार होती त्यांना मात्र ते कुणी नीट सांगितलेलं नव्हतं.

१९८६ साली या गावांची नर्मदा धरणग्रस्त समिती उभी राहिली आणि पुढे ती नर्मदा बचाओ आंदोलनात मिसळली. त्या सुरुवातीच्या बैठकांत एक गोष्ट सारखी पुढे यायची. नोटीस आली तर ती वाचणारा कुणी नाही. पंचनाम्यावर अंगठा उठवला, पण वर काय लिहिलंय ते कळलं नाही. आणि मग साहजिकच प्रश्न निघायचा की शाळेचं काय? शाळा होती. हजेरीपटावर मुलं होती, मस्टरवर गुरुजी होते, पगारही निघत होता. पण बऱ्याच गावांत गुरुजींचं दर्शन व्हायचं ते १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला, झेंडा लावण्यापुरतं. सगळा दोष त्या गुरुजींवर टाकणं मला बरोबर वाटत नाही. तालुक्यापासून दिवसभराची पायवाट, राहायला खोली नाही, मुलांची भाषा गुरुजींना येत नाही आणि गुरुजींची मुलांना. अशा ठिकाणी शाळा चालायची तर ती गावातूनच उगवायला हवी होती.

तशी ती उगवली. १९९१-९२च्या सुमाराला चिमलखेडीला पहिली जीवनशाळा सुरू झाली, पाठोपाठ निमगव्हाणला. मग मणिबेली, डनेल, भाबरी, त्रिशूल, सावऱ्या दिगर अशी नावं वाढत गेली. नदीपलीकडे मध्य प्रदेशात जलसिंधी आणि भिताडा, आणि पुनर्वसन झालेल्यांसाठी शहादा तालुक्यात जीवननगर. शाळांची संख्या पाण्याच्या पातळीबरोबर वरखाली होत राहिली. बरीच वर्षं ती दहाच्या आसपास होती.

आपल्या हर्सूलच्या स्मरणिकेत सातपुड्यातल्या शाळांचा इतिहास कशासाठी, हे इथेच सांगून टाकतो. आपल्या शाळेतून पहिल्या काही तुकड्या बाहेर पडल्या तेव्हा हर्सूल हे शहराच्या वेशीबाहेरचं, जळगाव रस्त्यावरचं गाव होतं. बाहेरच्या माणसाला ते तलावासाठी आणि मध्यवर्ती कारागृहासाठी माहीत. आज आपण महापालिकेत आहोत आणि आपली मुलं न्यू जर्सीत, दुबईत, मेलबर्नला आहेत. सुट्टीत आली की हरसिद्धी मातेला जाऊन येतात आणि शाळेकडेही वळतात. दरवेळी विचारणं एकच: सर, गरीब मुलांच्या शिक्षणासाठी आम्हाला तिकडून काय करता येईल? संपादक मंडळाला वाटलं की नुसतं आवाहन छापण्यापेक्षा, परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांनी हे काम जिथे दीर्घकाळ आणि नेटाने केलं, अशा एका संस्थेची हकिगत द्यावी. हर्सूलहून कन्नडचा घाट उतरून चाळीसगाव, धुळे, शहादा आणि मग म्हसावदवरून वर चढत धडगाव. एका दिवसाची वाट आहे. शेजारीच म्हणायचं.

जीवनशाळेचा पहिला देणगीदार अमेरिकेत नव्हता, तो पाड्यावर होता. हा क्रम नीट लक्षात ठेवायला हवा. शाळेसाठी जागा गावाने दिली. लाकूड, बांबू गावाने आणला, भिंतीचे कुड गावाने विणले, वर कौलं चढवली. मुलं तिथेच राहायची, कारण पाडे लांब आणि पावसाळ्यात नाले चढतात. त्यामुळे जेवणाचा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला. घरोघरी मका, ज्वारी, उडीद गोळा झाला. स्वयंपाकाला गावातलीच एखादी मावशी. शिक्षक म्हणून त्याच टापूतली, आठवी-दहावीपर्यंत कशीबशी पोचलेली तरुण मुलं घेतली. त्यांची प्रशिक्षण शिबिरं झाली, बाहेरून शिक्षणातली जाणकार माणसं येऊन राहिली. शिक्षकाकडे डी.एड.ची पदविका नव्हती, पण मुलगा दोन दिवस आला नाही तर त्याचं घर कुठल्या टेकडीवर आहे ते त्याला ठाऊक होतं, आणि घरी जाऊन आईशी काय बोलायचं तेही.

पहिलीची सुरुवात मुलांच्या भाषेतून, पावरीतून किंवा भिलोरीतून. मराठी नंतर, हळूहळू. मोजणी शिकायची ती मोहाच्या बियांवर आणि चारोळीच्या दाण्यांवर. या मुलांना झाडांची, मासळीची, नदीच्या वळणांची जी माहिती असते ती आपल्या शहरी सातवीतल्या मुलाला नसते, आणि जीवनशाळेत ती माहिती अभ्यासाच्या आत घेतली गेली. वर्गातल्या भिंतीवर गावाचा नकाशा मुलांनी काढलेला: कुणाचं शेत, कुठला नाला, देवाचं ठिकाण, आंब्याची झाडं. आंब्याच्या फोडी वाळवून आमचूर करणं हा धडगावकडच्या घरांचा उन्हाळ्यातला मोठा आधार. तेव्हा एका झाडाच्या आंब्यांचं किती आमचूर निघेल, हे गणित मुलांना सहज सुटायचं. सुट्ट्यांचं वेळापत्रकही तिथलंच. होळी हा त्यांचा मोठा सण. होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत कुठलंही मूल वर्गात बसणार नाही, आणि बसवूही नये. एक शिक्षक म्हणून मला हे सगळं फार मोलाचं वाटतं. आपण मातृभाषेतून शिक्षणावर परिसंवाद घेत होतो, तेव्हा या मंडळींनी कुडाच्या खोलीत ते करून दाखवलं.

चौथीची परीक्षा मुलं सरकारी शाळेत जाऊन द्यायची आणि पाचवीला आश्रमशाळेत दाखल व्हायची. तिथे ती टिकली. पुढे काहींनी दहावी, बारावी, पदवी केली आणि त्यातले काही परत येऊन त्याच जीवनशाळांत शिक्षक झाले. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नव्हतं त्या घरातला मुलगा गावच्या मुलांना शिकवायला उभा राहतो, यापेक्षा मोठा अहवाल कुठल्या संस्थेने काय द्यावा!

ही सगळी वर्षं पाणी चढत होतं, हे विसरून हा इतिहास सांगता येणार नाही. मणिबेली हे बुडितातलं महाराष्ट्राचं पहिलं गाव. १९९३च्या पावसाळ्यापासून तिथे पाणी शिरू लागलं. पुढे तिथलं शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर पाण्याखाली गेलं. १९९३च्याच मार्चमध्ये धरणासाठीच्या जागतिक बँकेच्या कर्जाचा राहिलेला भाग घेणं भारत सरकारने थांबवलं होतं, कारण बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीचा १९९२चा अहवाल प्रकल्पाच्या पुनर्वसनावर अत्यंत कठोर होता. १९९४ साली चाळीसहून अधिक देशांतल्या संघटनांनी जागतिक बँकेच्या मोठ्या धरणांना पैसा देण्याच्या धोरणाविरुद्ध एक जाहीरनामा काढला आणि त्याला नाव दिलं मणिबेलीचं. नकाशात शोधायला भिंग लागावं अशा पाड्याचं नाव जगभर गेलं. पण गावातल्या शाळेला त्याने काही कौलं मिळाली नाहीत. शाळा दर काही वर्षांनी मोडायची, लाकूड-कौलं डोक्यावर घेऊन वर चढवायची आणि नव्या टेकाडावर पुन्हा उभारायची. धरणाविरुद्धच्या आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १८ ऑक्टोबर २०००ला आला, दोन विरुद्ध एक असा, आणि धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढू लागली. २००६ साली ती १२१.९२ मीटरवर गेली. प्रत्येक टप्प्याबरोबर कुठल्या ना कुठल्या शाळेची जागा बदलली. इमारतीत पैसे घालण्यात अर्थ नव्हता. शाळा म्हणजे शिक्षक, मावशी, धान्य आणि पाटी-पेन्सिल, एवढंच टिकणारं.

आणि नेमकं एवढ्यालाच दरवर्षी पैसा लागतो. गावाचं धान्य पुरायचं नाही, कारण गावाची शेतंच पाण्यात जात होती. शिक्षकाचं मानधन, तेल-मीठ, औषधं, कपडे, वह्या. इमारतीला देणगीदार मिळतो, कोनशिलेवर नाव येतं. दर महिन्याच्या मिठाला कोण देणार?

इथे दूरदेशीचे सोबती येतात. १९९१ साली अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात आयआयटी मुंबईतून गेलेला रवी कुचिमांची नावाचा एक विद्यार्थी भौतिकशास्त्रात संशोधन करत होता. त्याने आणि त्याच्या काही मित्रांनी मिळून एक संघटना सुरू केली: असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट, सगळे तिला ‘एड’ म्हणतात. विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती ती केवढी, त्यातून बाजूला काढलेले डॉलर. पुढे अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या गावी तिच्या शाखा निघाल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात बर्कलीला संदीप पांडे, दीपक गुप्ता आणि व्ही. जे. पी. श्रीवास्तव या तिघांनी ‘आशा फॉर एज्युकेशन’ सुरू केली, खास वंचित मुलांच्या शिक्षणासाठी. आपल्या मराठी माणसांनी तर त्याही आधी, १९७८ साली, अमेरिकेत महाराष्ट्र फाउंडेशन काढलं होतं. १९९४पासून दिल्या जाणाऱ्या त्यांच्या पुरस्कारांमुळे ते आपल्याला जास्त परिचित आहे. जीवनशाळांशी मात्र जास्त जवळचं नातं जुळलं ते ‘एड’ आणि ‘आशा’चं.

यांची कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. दर आठवड्याला शाखेची मंडळी एका ठरलेल्या वेळी जमतात. कुठे विद्यापीठाचा रिकामा वर्ग, कुठे कुणाच्या घरची बैठक. त्याला ते ‘कम्युनिटी सर्व्हिस अवर’ म्हणतात. भारतातून आलेला एकेक प्रस्ताव समोर ठेवायचा आणि त्यावर अक्षरशः घासाघीस करायची. गावाचा वाटा किती? शिक्षक कुठला? जेवणावर इतका खर्च का, आणि औषधांवर इतका कमी का? मागच्या वर्षी कोण जाऊन बघून आलं? सुट्टीत भारतात येणाऱ्या कार्यकर्त्याने घरी जाण्याआधी किंवा नंतर दोन दिवस काढून त्या शाळेवर जायचं, मुलांबरोबर राहायचं, भाकरी-डाळ खायची आणि परत जाऊन लिहायचं, हा तिथला शिरस्ता. पैसा उभा करण्याचे मार्ग साधे. घरचे पदार्थ करून विकणं, दिनदर्शिका काढणं, गाण्याचे कार्यक्रम, आणि मॅरेथॉन. ‘आशा’ने तर लोकांना मॅरेथॉन पळायला शिकवायचं आणि त्यांनी ओळखीपाळखीतून निधी जमवायचा, अशी एक मोठी व्यवस्थाच उभी केली. ‘वर्क अ‍ॅन अवर’ ही त्यांची मोहीम १९९८ची: १५ ऑगस्टच्या निमित्ताने आपल्या एका तासाची कमाई मुलांच्या शिक्षणाला द्यायची. कार्यालयावर, पगारी माणसांवर खर्च जवळपास नाही, कारण सगळे नोकरी सांभाळून करणारे. संदीप पांडे पुढे भारतात परतले आणि २००२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तो पुरस्कार ज्या मनिलात दिला जातो, त्या फिलिपिन्सचं उदाहरण इथे द्यायलाच हवं. त्या देशातली लाखो माणसं परमुलखात परिचारिका, खलाशी, घरकामगार म्हणून राबतात आणि घरी पैशांबरोबर ‘बालिकबायन’ नावाच्या भरगच्च पेट्या पाठवतात. आपापल्या गावातल्या गरीब मुलांच्या शाळेसाठी वर्गणी काढणारी त्यांची मंडळं जगभर आहेत. तिथल्या सरकारने परदेशस्थ फिलिपिनोंसाठी १९८० साली एक आयोगच नेमला आणि १९८९पासून ‘लिंकापिल’ नावाची योजना चालवली: बाहेरच्या माणसाने शिष्यवृत्ती, शाळेची खोली, औषधं यांसाठी मदत द्यायची आणि ती कुठल्या गावी पोचवायची हे आयोगाने जुळवून द्यायचं. आपल्याकडे असा सरकारी पूल नाही. आपल्या माणसाला वाट स्वतः शोधावी लागते, आणि म्हणूनच ‘एड’सारख्या संघटनांनी गावापर्यंत प्रत्यक्ष जाण्यावर जो भर दिला तो मला मोठा वाटतो.

‘एड’चे रवी कुचिमांची तर पदवी घेऊन अमेरिकेतच थांबले नाहीत. ते आणि त्यांच्या पत्नी अरविंदा पिल्ललमर्री १९९८ साली भारतात आले. अरविंदा अमेरिकेत वाढलेल्या. दोघं नर्मदा खोऱ्यातल्या लोकांबरोबर राहिले, चालले. पैसे पाठवणारा आणि पैसे घेणारा यांच्यातलं अंतर त्यांनी अशा रीतीने मिटवलं. पूर्णवेळ काम करायला उतरलेल्यांना ‘एड’मध्ये ‘साथी’ म्हणतात. त्यांचा चरितार्थ तिकडचे मित्र चालवतात.

बिलगावची गोष्ट याच काळातली, आणि ती जरा सविस्तर सांगतो, कारण मदत कशी असावी याचा तो वस्तुपाठ आहे. अक्राणी तालुक्यातल्या या गावाजवळ नाल्याचा एक चांगला धबधबा होता. त्याच्या पाण्यावर लहानसं जनित्र बसवून वीज करता येईल, हे केरळातल्या ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’च्या तरुण अभियंत्यांनी हेरलं. २००० साली आंदोलनाच्या सत्याग्रहाच्या गावी, डोमखेडीला, त्यांनी असंच एक इवलंसं यंत्र बसवून दिवे लावून दाखवले होते. ते पुढे बुडितात गेलं. बिलगावचं काम मोठं होतं, १५ किलोवॅटचं. ‘एड’ने पैशाची आणि तंत्राची बाजू उचलली. गावाने श्रमदान केलं, आणि ते नुसतं नावापुरतं नव्हे: बंधारा घालणं, पाट खोदणं, दगड वाहणं, जड यंत्रं खांद्यावरून डोंगरात चढवणं. जानेवारी २००३मध्ये दिवे लागले. सुमारे १८० घरांत वीज आली आणि गावातल्या आश्रमशाळेतली मुलं रात्री उजेडात बसून वाचू लागली. स्वातंत्र्यानंतर इतक्या वर्षांत जी तार गावापर्यंत आली नव्हती, ती लोकांनी स्वतःच्या नाल्यातून काढली. आशुतोष गोवारीकरांचा ‘स्वदेस’ २००४ साली आला. त्यातल्या अमेरिकेहून आलेल्या तरुणाच्या आणि गावच्या विजेच्या कथेमागे रवी-अरविंदा आणि बिलगाव यांची प्रेरणा आहे, असं तेव्हापासून सांगितलं जातं. चित्रीकरण वाईजवळच्या मेणवलीत झालं, पण कथेतल्या नाल्याचा उगम सातपुड्यात आहे.

२००६च्या पावसाळ्यात पुराने बिलगावचा तो प्रकल्प उद्ध्वस्त केला. लोकांच्या हातचं काम पुराच्या गाळात गेलं. हे वाचताना अजूनही जीव तुटतो. चित्रपट पाहिलेल्या किती जणांना हा शेवट माहीत असेल?

जीवनशाळांना पाठबळ देताना परदेशातल्या या मित्रांपुढे एक अवघड प्रश्न होता, आणि तो टाळून त्यांचा गौरव करणं अपुरं ठरेल. शाळा आंदोलनाच्या. लढाई आणि पढाई बरोबरच, हे त्यांचं ब्रीद. आंदोलन धरणाविरुद्ध, सरकारांविरुद्ध. परदेशात नोकरी-व्हिसावर राहणाऱ्या माणसाला यात अडचण वाटणं स्वाभाविक होतं. मुलांना वह्या द्यायला कुणाचीच ना नसते. पण त्या मुलाचं घर का बुडतंय हे विचारू लागलं की अनेकांचा हात आखडतो. ‘एड’ने आपलं धोरण तीन शब्दांत मांडलं: संघर्ष, सेवा, निर्माण. तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत, त्यांतला एकच सोयीचा म्हणून उचलता येणार नाही. धरणाबद्दल आपल्यात वेगवेगळी मतं असतील, मराठवाड्यातल्या माणसाला पाण्याची किंमत कुणी सांगायला नको. तरीही मला त्यांची भूमिका पटते. ज्या मुलाला दरवर्षी शाळा वर चढवून न्यावी लागते, त्याला ती का चढवावी लागते हे शाळेनेच सांगितलं नाही, तर ती कसली शाळा?

या शाळांचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस म्हणजे बालमेळा. हिवाळ्यात, पिकं घरात आल्यावर, सगळ्या जीवनशाळांची मुलं एका गावी जमतात. यजमान गाव दरवर्षी वेगळं. लांबची मुलं चालत, होडीतून, मिळेल त्या वाहनातून येतात. खो-खो, कबड्डी, धावणं, तिरंदाजी; संध्याकाळी नाटकं, गाणी, ढोल. शेणाने सारवलेल्या मैदानावर अनवाणी पायांनी खो-खोचा डाव रंगतो तेव्हा खुंटापाशी वळणाऱ्या मुलीचा वेग बघत राहावा असा. डोंगर चढून-उतरून घडलेले पाय ते. पुढे या मुलांनी तालुक्या-जिल्ह्याच्या मैदानांवर भल्या भल्या शाळांना हरवलं, त्यात नवल नाही. नाटकंही त्यांचीच: ग्रामसेवक, तलाठी, सावकार, डॉक्टर, सगळ्यांच्या भूमिका मुलंच वठवतात, आणि समोर बसलेले आईबाप हसून लोटपोट होतात. परदेशातून पाहुणे आलेले असले तर त्यांना व्यासपीठ, शाल, नारळ असं काही नसतं. मुलांच्या पंगतीत बसायचं. इतर संस्थांच्या कार्यक्रमांत देणगीदारांची भाषणं ऐकताना मुलं उन्हात ताटकळतात, ते आपण सर्वांनी पाहिलं आहे. इथे तसं नाही.

गेल्या काही वर्षांतली परिस्थिती मात्र बदलली आहे. सप्टेंबर २०१९मध्ये जलाशय पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला. कित्येक पाड्यांना आता होडी किंवा बार्ज हाच रस्ता. अनेक कुटुंबं तळोदा-शहाद्याकडच्या वसाहतींत राहायला गेली, काही डोंगरातच वर सरकली. जे वर राहिले त्यांच्या मुलांना शाळेची गरज पूर्वीइतकीच आहे. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला ही मोठीच गोष्ट. पण त्याच कायद्याने शाळेला मान्यता, इमारत, पात्र शिक्षक यांचे निकषही आले. पाण्याच्या काठावर सरकणाऱ्या कुडाच्या शाळेला हे निकष कसे लावायचे, याचं उत्तर कायद्यात नाही.

पैशाच्या वाटेतही बदल झाला, आणि आपल्या परदेशस्थ मुलांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा. परदेशी देणगीचा कायदा पहिल्यांदा १९७६ साली झाला, २०१०ला नव्याने आला आणि २०२०मध्ये आणखी कडक झाला. आता परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला केंद्राची नोंदणी लागते आणि रक्कम पहिल्यांदा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. प्रशासनावर वीस टक्क्यांहून जास्त खर्च चालत नाही आणि एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. ज्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे अशा माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम मात्र परदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकेचं किंवा ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं असेल, किंवा तिकडच्या संस्थेच्या नावे पैसे जमवले असतील, तर ती परदेशी देणगी. या फरकाकडे दुर्लक्ष झालं तर चांगल्या हेतूने दिलेला पैसा लहान संस्थेला अडचणीत आणतो.

आपल्या मंडळींपैकी काही जणांनी हर्सूल-सावंगीकडच्या वीटभट्ट्यांवरच्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी काही करावं असं सुचवलं आहे. सूचना उत्तम आहे. ही मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर जातात आणि उन्हाळ्यात परततात. हजेरीपटावर नाव असतं, बाकावर मूल नसतं. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह किंवा भट्टीजवळ वर्ग चालवायचा, तर जीवनशाळांनी विचारलेलेच प्रश्न आपल्यालाही आधी विचारावे लागतील. मुलांची भाषा कुठली? शिकवणारा त्यांच्यातलाच कुणी मिळेल का? स्वयंपाक कोण करणार? गावाचा वाटा काय? आणि तिसऱ्या वर्षीच्या मिठा-तेलाचं कोण बघणार? परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांना संपादक मंडळाची विनंती आहे, की त्यांनी या पाच प्रश्नांवर आपली मतं आणि दरमहा किती देता येईल ते कळवावं. एकरकमी मोठी देणगी तूर्त नको. या हिवाळ्यात इकडे येणाऱ्यांपैकी ज्यांना बालमेळा पाहायचा असेल त्यांनी शाळेच्या कार्यालयात नाव द्यावं. धडगावपर्यंत गाडी जाते. पुढच्या वाटेसाठी चांगली पादत्राणं, अंथरूण-पांघरूण आणि स्वतःचं ताट-वाटी बरोबर घ्यावी.